व्याह्याला लाल कार्ड

केळीचा चीक एकदा कापडाला लागला की ते कापड गेलंच म्हणायचं. साबण लावा, लिंबू चोळा, काय वाटेल ते करा, डाग काळा तो काळाच. अजिनाथ केळी उतरवणाऱ्या टोळीत होता. टेंभुर्णीच्या आसपास जिथं बाग काढायची असेल तिथं टोळी जायची, कोयत्यानं घड उतरवायची, खांद्यावर गादी टाकून बांधापर्यंत वाहायची, धुऊन खोक्यात भरायची. अजिनाथच्या सगळ्या कपड्यांना डाग होते, हाताच्या रेषांत होते, नखांत होते. बिनडागाचं एकच कापड घरात होतं, ते म्हणजे कबड्डीच्या पंचाचा पांढरा शर्ट. त्याची बायको अंबुबाई तो निराळ्या बादलीत धुवायची, निराळ्या दोरीवर वाळत घालायची. नवऱ्याच्या जन्मात तेवढंच एक पांढरं आहे, असं ती शेजारणींना सांगायची. त्यात थट्टा किती आणि अभिमान किती, ते तिचं तिलाच माहीत.

आणि अभिमान का नसावा? पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून अजिनाथ गावोगावच्या जत्रेत शिट्टी वाजवत होता. नियम काय, सगळ्याच पंचांना पाठ असतात. पण गावच्या सामन्यात पंचाची खरी कसोटी नियमांत नसते, तापलेल्या कोचपुढं उभं राहण्यात असते. चांगले शिकलेसवरले पंच अशा वेळी कावरेबावरे होतात, नाहीतर उलट ओरडायला लागतात, आणि मग दोरी तुटून माणसं आत येतात. अजिनाथची रीत वेगळी होती. कोच अंगावर आला की तो आधी घड्याळ थांबवायला सांगायचा. मग त्याच्याकडं चालत जायचा, धावत कधीच नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधायचा, म्हणजे हात उगारला असं कुणाला म्हणता येऊ नये. त्याच्या डोळ्यांत बघायचा नाही, गळ्याकडं बघायचा. त्याला पुरतं बोलू द्यायचा, शिव्या सोडून सगळं ऐकून घ्यायचा. आणि मग उत्तर त्याला न देता त्याच्या संघाच्या कर्णधाराला बोलवायचा. पोरगं आत्ताच मातीत पडून उठलेलं असतं, काय झालं ते त्याला ठाऊक असतं. ते आपल्या कोचला म्हणायचं, जाऊ द्या की सर. की कोच बसायचा. कितीतरी सामन्यांत असंच झालं होतं. लाल कार्ड अजिनाथच्या खिशात असायचं, पण ते बाहेर काढायची पाळी क्वचितच यायची.

त्याची पोरगी रेश्मा पण कबड्डी खेळायची. तिचा खेळ बघूनच सावळेवाडीच्या अभिमन्यूतात्यांनी तिला मागणी घातली होती. तात्या म्हणजे बागायतदार माणूस, गावच्या संघाचा कोच, आणि संघाचा कर्णधार त्यांचाच पोरगा ऋतुराज. टोळीतल्या माणसाची पोरगी असल्या घरात जाते हे अंबुबाईला लग्न लागेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. मुलगी आणि नारळ, एवढंच तात्यांनी मागितलं. बाकी सगळा खर्च त्यांचा. चांगलं केलं, कोण नाही म्हणतं? पण केलेलं ते विसरू देत नसत. चारचौघांत बसले की "आमी मुलगी आन् नारळ घेतला बरं का" हे यायचंच, आणि अजिनाथ शेजारी बसून मान डोलवायचा.

यंदा रेश्माला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं. अंबुबाईनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, हळीव आणून ठेवले होते, आणि बाजेची नवार सैल झाली म्हणून नवऱ्याच्या रोज मागं लागत होती. टेंभुर्णीच्या मैदानावरचे सामने झाले की दुसऱ्या दिवशी पोरीला आणायचं ठरलं होतं.

त्या सामन्यांत सावळेवाडीचा संघ शेवटच्या फेरीत आला. जावई खेळतोय, मला बाजूला ठेवा, असं अजिनाथनं मंडळाला आधीच सांगितलं. मंडळवाले ऐकतही होते. पण तात्या तिथंच बसले होते. ते हसून म्हणाले, आपला माणूस असल्यावर आमची काय हरकत? असं म्हणून त्यांनी अजिनाथच्या पाठीवर थाप मारली. समोरच्या संघानंही, अजिनाथअण्णा असतील तर चालतंय, म्हणून मान हलवली. दुसरा कुणी असता तर अजिनाथ न जुमानता उठून गेला असता. पण मुलीच्या बापाला व्याह्याचा शब्द मोडता येत नाही. तो शर्टाची बटणं लावून उभा राहिला, आणि चुकला तो तिथंच.

सामना संपत आला तेव्हा सावळेवाडी एका गुणानं मागं होती. ऋतुराज चढाईला गेला. एकाला पायानं शिवला, दुसऱ्याला हातानं, आणि तेवढ्यात त्यांनी त्याला कमरेला धरला. समोरचा सगळा संघ त्याच्यावर नि भोवती. ऋतुराज पोटावर सरपटत मध्यरेषेकडं हात लांबवत होता. अजिनाथ रेषेवरच गुडघा टेकून बसला होता. दुसरा पंच हुसेनसाब पलीकडच्या टोकाला होता, माणसांचा गलका एवढा होता की त्याला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. अजिनाथनं मात्र ऐकलं. जावयाचा कबड्डी कबड्डी चाललेला दम मधेच बंद पडला. तोंड मिटलं, नाकातून श्वास गेला, आणि मग पुन्हा कबड्डी सुरू झालं. हात रेषेला लागला तो त्यानंतर.

अजिनाथनं शिट्टी वाजवली आणि हात वर केला. दम गेला, बाद.

तात्या दोरी ओलांडून आत आले. अजिनाथनं घड्याळ थांबवायला सांगितलं, हात पाठीमागं बांधले आणि चालत पुढं गेला. तात्या काय काय बोलले. पंच बहिरा झालाय म्हणाले, समोरच्यांचं खाल्लंय म्हणाले. अजिनाथ त्यांच्या गळ्याकडं बघत राहिला. त्या गळ्यात सोन्याची साखळी होती आणि ती हलत होती. त्याला पोरीचं लग्न आठवलं. ते बोलायचे थांबले तसा त्यानं कर्णधाराला बोलावलं.

ऋतुराज आला. छातीभर माती, हनुवटी सोललेली. त्यानं एकदा बापाकडं बघितलं, एकदा सासऱ्याकडं, आणि मग खाली बघायला लागला. एवढंच म्हणायचं होतं त्यानं, जाऊ द्या तात्या. अजिनाथ वाट बघत राहिला. पोरगं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलं.

"बघा," तात्या म्हणाले, "माझं पोरगं खोटं बोलत न्हाय. गुण दे."

"निकाल झालाय, पाव्हणं. बाहीर बसा," अजिनाथ हळू आवाजात म्हणाला, आणि त्यानं खिशातून हिरवं कार्ड काढून दाखवलं.

हिरवं म्हणजे नुसती ताकीद. पण व्याह्यानं व्याह्याला, आणि तेही मुलीच्या बापानं. दोरीमागून कुणीतरी शीळ घातली. तात्यांचा चेहरा काळवंडला. त्यांनी पुढं होऊन अजिनाथच्या गळ्यातली शिट्टीची दोरी मुठीत धरली.

"मुलगी आन् नारळ घेतली तुझी. केळीची खोकी उचलणारा तू. मला कार्ड दावतोस व्हय?"

दोरी तुटली आणि शिट्टी मातीत पडली. हुसेनसाब पळत आला होता. हा हुसेनसाब टोळीच्या केळ्यांचा टेम्पो चालवायचा, दोघं मिळून सामने करायचे. तो कानाशी म्हणाला, "अजिनाथभाई, रहने दो. पिवळ्यावर भागवा. बच्ची उनके घर में है."

"दुसरा कोच असता तर?" अजिनाथनं विचारलं.

अजिनाथनं वाकून शिट्टी उचलली, शर्टाला पुसली आणि लाल कार्ड काढलं. हात वर करताना त्याला स्वतःची काळी पडलेली बोटं दिसली. पंचाच्या अंगाला कोचनं हात लावला तर लाल, यात विचार करायला जागाच नव्हती. तरी त्यानं केला होता, आणि ते त्याचं त्याला कळलं होतं.

तात्या निघाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवरचा टॉवेल त्यांनी खांद्यावर टाकला आणि बायका बसल्या होत्या तिकडं गेले. तिथं रेश्मा बसली होती. ते तिला फक्त चल म्हणाले. ती कमरेला हात लावून सावकाश उठली आणि त्यांच्या मागून चालायला लागली. अजिनाथला तिची पाठ दिसली, वळून बघताना ती काही दिसली नाही. मग त्यानं शिट्टी वाजवून राहिलेला खेळ सुरू केला, आणि सावळेवाडी हरली.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको पोरीला आणायला गेले. अंबुबाईनं पुरणपोळ्यांची दुरडी घेतली होती, चोळीचा खण घेतला होता. तात्यांनी बसा म्हटलं, पण ते अंबुबाईला म्हटलं. अजिनाथ सोप्यात सतरंजीच्या कडेला टेकला. तात्या तिथल्या गड्याशी पाण्याच्या पाळीचं बोलत राहिले, मोटारीचं बोलत राहिले. ऋतुराज घरात नव्हता, की होता आणि बाहेर आला नाही, देव जाणे. बऱ्याच वेळानं तात्या भिंतीकडं बघत म्हणाले की आमच्याकडं काय दवाखाने नाहीत का, सून इथंच बाळंत होईल.

अंबुबाईनं पदर पसरला. पहिलं हाय पाव्हणं, असं ती दोनदा म्हणाली. तेव्हा कुठं तात्यांनी मान वळवून अजिनाथकडं बघितलं.

"न्यायचीय ना? न्या की. आमच्या जत्रंच्या सामन्याला दर साली पंच तुमीच असता. तितं माईकवर म्हणा, माझं चुकलं, दम गेला नव्हता. आन् मला फेटा बांधा. त्याच पावली पोरगी तुमच्यासंगं लावून देतो."

रेश्मा चहा घेऊन आली होती आणि सासऱ्याच्या पाठीमागं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबली होती. तिचे पाय सुजून पायातल्या पट्ट्या रुतल्या होत्या. बापाकडं बघून तिनं मान हलवली, एकदा, दोनदा. डोळे भरून आले होते. न्या मला, इथं राहवत नाही, असंच ती म्हणतेय हे त्याला स्पष्ट दिसलं. त्यानं चहा घेतला नाही, आणि घेतला नाही म्हणून तात्यांनी आणखी वाईट वाटून घेतलं.

जत्रेला अजून अवकाश होता. तेवढे दिवस अजिनाथ घड वाहत राहिला. ऊन वाढलं होतं, बागेत आत दमट आणि बाहेर फुफाटा. घड खांद्यावर घेतला की मान एका बाजूला कलते, आणि तशाच कलत्या मानेनं तो दिवसभर सऱ्यांमधून येजा करायचा. टोळीतल्या पोरांना गंमत सुचायची. पंच, आमाला बी लाल कार्ड दावा, घरी जाऊन झोपतो, असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. आधी तोही हसायचा. आता तो घड ठेवून मागं फिरायचा.

घरी अंबुबाई वेगळं बोलायची. ती भांडली नाही, भांडली असती तर सोपं गेलं असतं. भाकरी थापताना ती म्हणायची, पोरीचे पाय बघितले का तुमी? जेवताना म्हणायची, तिकडं तिला कोण तेल लावणार? सासू नसलेलं घर, तात्यांची बायको जाऊन किती वर्षं झाली. एकदा मात्र तिनं सरळच विचारलं.

"एक शबुद बोलायचा. त्यानं तुमच्या अंगाला काय भोकं पडणार हायती का?"

काय सांगावं बाईला? दम गेला होता, हे त्याच्या कानांनी ऐकलं होतं. पंचाकडं कान नि डोळे सोडले तर असतं काय? शेत नाही, शिक्षण नाही, वजन नाही. आजूबाजूच्या गावांतली उनाड पोरं, मोठमोठे बागायतदार, सगळे त्याच्या एका हाताच्या इशाऱ्यावर थांबायचे ते एवढ्यासाठीच, की ह्यानं म्हटलं म्हणजे तसंच झालं असणार. हे त्यानं अंबुबाईला सांगितलं नाही. हुसेनसाबला सांगितलं, टेम्पोत खोकी लावताना.

हुसेनसाबनं ऐकून घेतलं. तो म्हणाला की त्याच्या पोरीचं, राहतचं, लग्न व्हायचंय अजून, आणि ती वेळ त्याच्यावर आली तर तो काय करील हे अल्लालाच ठाऊक. मग खोक्यांवर ताडपत्री ओढून म्हणाला, "तुम्ही जे कराल ते करा. मी दुसऱ्या बाजूला हायेच."

सावळेवाडीची जत्रा आली. अंबुबाईनं शर्टाला नीळ देऊन इस्त्री करून आणली होती. मैदानाला चुना मारलेला, बांबूवर भोंगा बांधलेला, पुढच्या खुर्च्यांवर पाव्हणेमंडळी. सामना सुरू व्हायच्या आधी तात्यांच्या माणसानं तबक आणलं. त्यात गुलाबी फेटा, नारळ. अजिनाथनं फेटा उचलला. तात्यांनी डोकं पुढं केलं, पण वाकवलं नाही, त्यामुळं त्याला टाचा वर करून बांधावा लागला. लग्नातही असाच बांधला होता. पीळ नीट बसावा म्हणून तो आताही काळजी घेत होता, आणि आपण काळजी घेतोय याचीच त्याला लाज वाटली. मग कुणीतरी माईक हातात दिला.

"टेंभुर्णीच्या सामन्यात माझं चुकलं," तो म्हणाला. भोंग्यातून त्याचा आवाज वेशीपर्यंत गेला. "दम गेला नव्हता. तात्यांचं बरुबर हुतं."

टाळ्या पडल्या. तात्यांनी त्याला मिठी मारली, झालं गेलं गंगेला मिळालं असं म्हणाले, आणि खरोखरच त्यांचे डोळे ओले झाले. माणूस वाईट नव्हता हो. फक्त त्याला हरता येत नव्हतं. खेळाडूंच्या रांगेत ऋतुराज उभा होता. तो गुडघ्याची पट्टी बांधायला खाली बसला तो लवकर उठलाच नाही.

सामना सुरू झाला. पहिल्याच काही चढायांत एका पोराचा पाय बाहेरच्या रेषेवर पडला. अजिनाथनं शिट्टी वाजवून त्याला बाद दिलं. मिसरूडही नीट न फुटलेलं पोरगं, ते जागचं हललं नाही. "नक्की बघितलं का अण्णा?" असं विचारून ते हसलं, "न्हायतर पुढल्या जत्रंत म्हणाल, चुकलं." दोरीमागची माणसं हसली. पुढच्या खुर्च्याही हसल्या.

अजिनाथ हात पाठीमागं बांधून त्या पोराकडं चालत गेला. जवळ गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता बोलायला आपल्याकडं काही नाही. तो तसाच पुढं चालत हुसेनसाबपर्यंत गेला, गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातात दिली आणि दोरीखालून वाकून बाहेर पडला. शिट्टीची दोरी तीच होती, टेंभुर्णीत तुटलेली, गाठ मारलेली. कुणी त्याला थांबवलं नाही.

तात्यांनी शब्द पाळला. दुपारी ऋतुराज गाडीतून रेश्माला घेऊन अजिनाथच्या वस्तीवर आला, अजिनाथही त्याच गाडीत मागं बसून आला. अंबुबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरीच्या पायांवर पाणी घातलं, आणि हसावं की रडावं हे न कळून दोन्ही केलं. तिला बाजेवर बसवून ती चुलीकडं गेली.

ऋतुराजनं पाणी पिऊन निघायला पाहिजे होतं. तो तांब्या हातात धरून उंबऱ्याशी उभा राहिला.

"मामा," तो म्हणाला, "दम गेलाच हुता माझा."

अजिनाथ शर्ट काढत होता. त्यानं नुसती मान हलवली.

"हितं कुणाला सांगताय?" रेश्मा म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "तितं कर्णधार म्हणून बोलावलं हुतं तुमाला. तवा बोलायचं हुतं."

ऋतुराजनं तांब्या खाली ठेवला. तो गाडीकडं गेला. गाडी वळून धुरळ्यात दिसेनाशी झाली तरी रेश्मा त्या वाटेकडंच बघत होती.

"तू खुणावलंस म्हणून," अजिनाथ म्हणाला. "उंबऱ्यातनं मान हलवलीस. मला वाटलं, न्या म्हणतीस."

"नका म्हणत हुते, आप्पा. असं बोलू नका म्हणत हुते."

चुलीवर अंबुबाईनं काहीतरी फोडणीला टाकलं त्याचा आवाज झाला. अजिनाथ शर्टाची घडी घालत राहिला. बाही दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.

"बाळंतपण झालं की मला तितंच जायाचंय," रेश्मा म्हणाली. "आख्खा जन्म तितंच काढायचाय. मामंजी काय बोलले, हे गप बसले, तरी माझ्याजवळ एक हुतं. माझा बाप त्यांना भिला न्हाय. लाल कार्ड दावलं त्यानं. त्या घरात तेवढ्यावर म्या मान वर करून वावरत हुते. आता काय घिऊन जाऊ?"

एवढं बोलून तिनं बाजेवर हात टेकला आणि पाय वर घेतले. तशी सैल नवार खाली झोळ देऊन गेली आणि ती कण्हली. अजिनाथनं शर्ट खुंटीला लावला. मग तो बाजेखाली गेला, गुडघा टेकून बसला, जसा मध्यरेषेवर बसायचा तसा, आणि काळ्या बोटांनी नवार ओढून घट्ट करायला लागला. वरून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. हुंदका मधेच थांबायचा, श्वास आत जायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. तो सगळं नीट ऐकत होता.